गार पीठ, उकळता रस्सा

या पदार्थाच्या नावातले दोन्ही शब्द मराठी माणसाला चकवतात. कॅसरोल म्हटलं की आपल्याला पोळ्या गरम ठेवायचा डबा आठवतो आणि बिस्किट म्हटलं की चहा. त्यामुळे अमेरिकेत नव्याने गेलेल्या कुणी ‘चिकन कॅसरोल, वर घरची बिस्किटं’ असं वाचलं, की चिकनच्या रश्श्यावर ग्लुकोजची बिस्किटं रचून ठेवल्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात असतं ते असं: पसरट भांड्यात दाट, दुधाळ रश्श्यातलं चिकन, त्यात मटार आणि गाजर, आणि वर मऊ, पदर सुटलेले, बनपावाच्या धाकट्या भावासारखे दिसणारे गरम गोळे. या गोळ्यांनाच तिकडे, आणि दक्षिणेकडच्या राज्यांत तर फार अभिमानाने, बिस्किट म्हणतात.

शब्दांचा घोळ आधी निस्तरून टाकू. बिस्किट या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि अर्थ ‘दोनदा भाजलेलं’ असा आहे. इंग्रजांनी तो कोरड्या, टिकाऊ खाऊसाठी ठेवला आणि त्यांच्याकडून तो आपल्या चहाच्या बशीत आला. अमेरिकेत गोड प्रकाराला डच लोकांकडून आलेलं ‘कुकी’ हे नाव मिळालं, खारट प्रकार ‘क्रॅकर’ झाला, आणि बिस्किट हे नाव एकदाच भाजलेल्या मऊ पावाला चिकटून राहिलं. कॅसरोल मूळचं फ्रेंच, भांड्याचं नाव. आपल्याकडे हंडी म्हणजे भांडंही असतं आणि हॉटेलात मागवलेली चिकन हंडीही, तसंच हे.

मी पहिल्यांदा हा पदार्थ केला तेव्हा आदल्या रात्री रस्सा करून फ्रीजमध्ये ठेवला होता. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायच्या बेताला त्यावर बिस्किटं मांडली आणि भांडं ओव्हनमध्ये सरकवलं. पंचवीस मिनिटांनी वरून असा तांबूस रंग आला की फोटो काढावा. काढलाही. मग डाव घातला, तर वर बोटाच्या पेराएवढा पाव आणि त्याखाली पोस्टर चिकटवायची खळ. मधोमध रस्सा कोमट. पाहुण्यांनी सभ्यपणे वरवरचं खाल्लं.

ती खळ का झाली हे कळलं की हा पदार्थ कळतो. एकाच भांड्यात इथे दोन परस्परविरोधी पदार्थ नांदत असतात. खालच्याला ओलावा हवा, वरच्याला ओलाव्याचं वावडं. खालचं चिकन आधीच शिजलेलं असतं, त्याला ओव्हनची तशी गरजच नसते. वरच्याला मात्र कडक आच लागते, तीही ताबडतोब. या दोघांचं भांडण मिटवण्यापुरतीच या पदार्थाची सगळी कारागिरी आहे, आणि तोडगा लेखाच्या शीर्षकात सांगून टाकला आहे.

डब्यातून आलेली परंपरा

अमेरिकन घरात कॅसरोलला आजचं स्थान मिळालं ते विसाव्या शतकात. 1915 मध्ये कॉर्निंग कंपनीने पायरेक्स ही ओव्हनमध्ये चालणारी काचेची भांडी बाजारात आणली. त्याआधी 1913 मध्ये कंपनीतल्या एका शास्त्रज्ञाच्या पत्नीने, बेसी लिटलटन यांनी, बॅटरीसाठी बनवलेल्या काचेच्या बरणीच्या कापलेल्या बुडात केक भाजून पाहिला होता आणि तो छान, सारखा भाजला गेला होता. ज्यात शिजलं त्याच भांड्यातून ताटात वाढायचं, ही सोय बायकांना आवडली. तिसाच्या दशकात मंदी आली, मांस पुरवून पुरवून खायची वेळ आली. 1934 मध्ये कॅम्पबेल कंपनीचं क्रीम ऑफ मशरूम सूप डब्यात मिळू लागलं आणि ‘डबा फोडला की रस्सा तयार’ असं नवं स्वयंपाकशास्त्र जन्माला आलं. याच कंपनीच्या न्यू जर्सीतल्या स्वयंपाकघरात 1955 मध्ये डोर्कस रायली यांनी श्रावणघेवड्याचं कॅसरोल तयार केलं, ते आजही थँक्सगिव्हिंगच्या पानात असतं. मिनेसोटाकडे या प्रकाराला ‘हॉटडिश’ म्हणतात. तिथल्या ल्युथरन चर्चच्या सामुदायिक जेवणांत हे सूप इतकं सढळ वापरलं जाई, की त्याला गमतीने ‘ल्युथरन बाइंडर’ असं नाव पडलं.

बिस्किटांनाही असाच शॉर्टकट मिळाला. 1931 मध्ये जनरल मिल्सने बिस्क्विक हे तयार पीठ आणलं. नुसतं दूध घालून कालवायचं. त्याच सुमारास केंटकीतल्या लुईव्हिलच्या लाइव्हली विलोबी नावाच्या बेकरने कच्ची बिस्किटं पुठ्ठ्याच्या नळकांड्यात भरून विकायची युक्ती पेटंट केली. हे नळकांडं ओट्याच्या कडेवर आपटलं की फट्ट आवाज करून उघडतं, आणि अमेरिकन मुलांना स्वयंपाकघरातलं सगळ्यात आवडतं काम बहुधा हेच असतं. तर ‘घरची बिस्किटं’ हे शब्द तिथे मुद्दाम का लिहावे लागतात, हे यावरून लक्षात यावं.

शेजारणीला बाळ झालं, कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाच्या घरी मयत झालं, की दाराशी कॅसरोल येतं. आपल्याकडे दुःखाच्या घरी शेजारून पिठलं-भात येतो तसंच. भांड्याच्या बुडाला कागदी चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव लिहिलेलं असतं, म्हणजे ते परत कुठे पोचवायचं ते कळतं. आपण स्टीलच्या डब्यांवर नावं कोरून घेतो ती उगाच नाही.

पीठ: तिंबायचं नाही

आता बिस्किट. सगळी गोम इथेच आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळू.

बेकिंग पावडर नव्हती तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत पिठात हवा भरायचा एक मार्ग होता, बदडणं. पिठाचा गोळा ठोकळ्यावर ठेवून लाकडी दांड्याने अर्धा-अर्धा तास, पाहुण्यांसाठी त्याहून जास्त वेळ, ठोकायचा. हे काम मोठ्या घरांमध्ये बहुतेक वेळा गुलाम माणसांच्या हातून करून घेतलं जाई. एकोणिसाव्या शतकात सोडा आणि मग बेकिंग पावडर आली तेव्हा बिस्किट रोजच्या न्याहारीत येऊ शकलं. 1875 मध्ये अलेक्झांडर अ‍ॅशबर्न या कृष्णवर्णीय संशोधकाने बिस्किटं कापायच्या साच्याचं पेटंट घेतलं, इतका हा पदार्थ तोवर घरोघरी रुळला होता.

गव्हाच्या पिठात पाणी पडलं आणि ते मळलं की त्यातल्या प्रथिनांची चिवट जाळी तयार होते, तिला ग्लुटेन म्हणतात. पुरणपोळीची कणीक आपण तेल-पाणी लावून तिंबतो आणि मुरत ठेवतो, कारण ती ताणली तरी फाटू नये, पुरण बाहेर येऊ नये. बिस्किटाला नेमकं उलटं हवं. ते तोडताना ताणलं जाता कामा नये, नुसत्या बोटांनी सहज सुटायला हवं. म्हणून पीठ कमी प्रथिनांचं घ्यायचं आणि हात कमीत कमी लावायचा. अमेरिकेच्या दक्षिणेत हिवाळी मऊ गहू पिकतो, त्याच्या पिठात प्रथिनं जेमतेम आठ-नऊ टक्के. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलमध्ये 1883 पासूनचं ‘व्हाइट लिली’ नावाचं पीठ याच गव्हाचं म्हणून प्रसिद्ध झालं. उत्तरेकडे राहायला गेलेल्या दक्षिणी बायका माहेरून हे पीठ मागवत, आपण कोकणातून कोकम मागवतो तसं.

आपल्या मैद्यात प्रथिनं त्याहून थोडी जास्त असतात. उपाय सोपा: दोन कप मैद्यातला दोन मोठे चमचे मैदा काढून त्या जागी कॉर्नफ्लोअर घाला. कॉर्नफ्लोअरमध्ये ग्लुटेन अजिबात नसतं, त्यामुळे जाळी आपोआप विरळ होते. गव्हाच्या कणकेची बिस्किटं करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. पौष्टिक होतात, पण मग त्यांना बाटी म्हणावं.

लोणी: मोहन आणि साटा यांतला फरक

शंकरपाळ्यांना आपण कडकडीत मोहन घालतो. गरम तूप पिठाच्या कणाकणाला लागतं, पाणी त्या कणांपर्यंत नीट पोचत नाही, जाळी जमत नाही, आणि शंकरपाळी सगळीकडून सारखी खुसखुशीत होते. मुटका वळतो का हे बघायचं ते एवढ्याचसाठी. चिरोट्यांचं तंत्र वेगळं. तिथे तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा पोळ्यांच्या मध्ये थर म्हणून राहतो, पिठात विरघळत नाही, म्हणून तळताना पदर सुटतात.

बिस्किटात ही दोन्ही कामं एकाच लोण्याकडून करून घ्यायची असतात. फ्रीजमधून काढलेल्या घट्ट बटरचे तुकडे पिठात टाकून बोटांच्या टोकांनी चुरडायचे. काही बटर पिठाला लागून रव्यासारखं दिसू लागतं, तेवढं मोहनाचं काम करतं. काही बटर वाटाण्याएवढ्या तुकड्यांत शिल्लक राहिलं पाहिजे, ते साट्याचं काम करतं. नवख्या माणसाला हे तुकडे बघवत नाहीत. त्याला वाटतं, नीट मिसळलं नाही. तिथेच हात आवरायचा.

बटरमध्ये सुमारे ऐंशी टक्के स्निग्धांश आणि सोळा-सतरा टक्के पाणी असतं. ओव्हनच्या आचेत तुकडा वितळतो, त्याच्या जागी पोकळी उरते, आणि त्यातल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ते मूळ आकाराच्या जवळजवळ सोळाशे पट जागा मागतं. ती वाफ वरचा थर उचलते आणि पदर सुटतो. आता लक्षात येईल की इथे तूप का चालत नाही: तुपात पाणीच नसतं. आणि बटर गार का हवं तेही. ते बत्तीस ते पस्तीस अंशांच्या दरम्यान वितळतं, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्या स्वयंपाकघराचं तापमान काय असतं ते सांगायला नको. उन्हाळ्यात मी बटर किसणीवर किसून दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवतो, मैद्याची परातही फ्रीजमध्ये घालतो. पंखा बंद करायची गरज नाही, पण हाताचे तळवे गरम असतील तर काट्याने चुरडा.

फुगवणारा वायू

उरलेलं उचलायचं काम कार्बन डायऑक्साइड करतो. त्याचं शास्त्र ढोकळा करणाऱ्या कुणालाही माहीत असतं: खायचा सोडा अल्कधर्मी, त्याला आंबट काहीतरी भेटलं की फेस. आंबट कमी पडलं, तर सोडा उरतो आणि साबणासारखी चव येते. ढोकळ्यात सोडा नीट कालवला गेला नाही की हळदीचे लाल ठिपके दिसतात, तीही उरलेल्या सोड्याचीच चहाडी.

बेकिंग पावडर म्हणजे सोडा आणि कोरडं आम्ल एकाच डबीत, मध्ये ओल धरून ठेवायला स्टार्च. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड यांनी 1843 मध्ये अशी पावडर केली, कारण त्यांच्या पत्नीला यीस्ट चालत नव्हतं. बायकोला पाव खाता यावा म्हणून रसायनशास्त्र कामाला लावणारा नवरा. इतिहासात असे थोडे. अमेरिकेत हार्वर्डमधले एबेन हॉर्सफर्ड यांनी 1856 मध्ये हाडांपासून काढलेल्या फॉस्फेटचं आम्ल वापरायची पद्धत पेटंट केली, त्यामुळे युरोपातून येणाऱ्या, द्राक्षाच्या दारूच्या पिंपांत साचणाऱ्या महाग क्रीम ऑफ टार्टरवर अवलंबून राहायची गरज उरली नाही. आजच्या बऱ्याच पावडरींत दोन आम्लं असतात: एक ओलं होताच काम सुरू करतं, दुसरं आच लागल्यावर. म्हणजे ओव्हनमध्ये जाईपर्यंत थोडा श्वास शिल्लक राहतो. तरीही पीठ भिजवून गप्पा मारत बसू नये.

दक्षिणी पद्धतीत भिजवायला ताक वापरतात. पण त्यांचं आजचं ताक म्हणजे विरजलेलं दाट दूध, आपल्या पातळ ताकाशी त्याचं नाव सोडून फारसं नातं नाही. तीन भाग दही आणि एक भाग पाणी घुसळलं की काम भागतं. ताक आंबट, म्हणून त्याच्या जोडीला चिमूट-दोन चिमूट सोडाही घालतात. एक कप ताकाला अर्धा चहाचा चमचा सोडा पचतो, त्याच्यापुढे जाऊ नका. मी त्याहून कमीच घालतो, म्हणजे किंचित आंबूस चव राहते.

पावसाळ्यात उघडी राहिलेली बेकिंग पावडर हमखास मेलेली असते. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून बघा. जोरात फसफसली तर ठीक, नुसती बुडाली तर कचऱ्यात.

रस्सा: पिठल्याची परीक्षा

खालचा भाग आपल्याला सवयीचा आहे. हाडासकट चिकन घ्या, त्यातही तंगडीचं. पावाच्या थराखाली पुन्हा पाऊण तास नाही तरी वीस-पंचवीस मिनिटं ते राहणार असतं, आणि छातीचं मांस दुसऱ्यांदा तापलं की सुतळीसारखं होतं. तंगडीत संयोजी ऊतक, म्हणजे स्नायू जोडून ठेवणारा चिवट भाग, जास्त, ते सावकाश शिजलं की त्याचं जिलेटिन होतं आणि मांस ओलसर राहतं. अर्धा कांदा, गाजराचा तुकडा, मिरी आणि तमालपत्र घालून पाणी नुसतं हलत राहील एवढ्या आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं शिजवा. खळखळ उकळू नका. कुकरच्या शिट्ट्या तर नकोच, मांसाचे दोर होतात. मग मांस सोडवून मोठे तुकडे करा आणि पाणी गाळून ठेवा. हेच पाणी उद्याच्या चवीचा पाया आहे, ते सिंकमध्ये ओतणाऱ्याला क्षमा नाही.

दाटपणासाठी बटरमध्ये मैदा परतायचा. याला फ्रेंचमध्ये रू म्हणतात. बेसन थेट उकळत्या पाण्यात पेरलं की पिठल्यात गाठी का होतात? पिठाच्या ढेकळाला बाहेरून पाणी लागतं, बाहेरचा स्टार्च लगेच फुगून चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच कोंडलं जातं. आधी बटरमध्ये परतलं की कण एकमेकांपासून सुटे होतात, मग पाणी घातल्यावर प्रत्येक कण स्वतंत्र फुगतो. मैदा दोन मिनिटं परता, कच्चट वास जायला हवा, रंग मात्र बदलायला नको. मैदा जितका लाल होईल तितकी त्याची दाट करायची ताकद कमी होते. मग गाळलेलं पाणी थोडं थोडं घालत घोटा आणि शेवटी दूध. कढीत बेसन असल्यामुळे ताक फाटत नाही, तशीच इथे मैद्यामुळे दुधाची काळजी मिटते.

किती दाट? कढीहून दाट, पिठल्याहून पातळ. पातळ राहिला तर बिस्किटं त्यात बुडतात आणि रस्सा पितात. दाट झाला तर ओव्हनमध्ये आणखी आटून लगदा होतो.

चवीला कांदा, गाजर आणि सेलेरी हे तिथलं त्रिकूट. सेलेरी मोठ्या शहरांत सहज मिळते, नाही मिळाली तर तिच्यावाचून अडत नाही. थाइम ही मात्र या पदार्थाची ओळख आहे. ती नसेल तर चिमूटभर ओवा चुरडून टाका. दोन्हींत थायमॉल हेच सुगंधी द्रव्य असतं, म्हणून ओव्याने काम भागतं, पण खरोखर चिमूटभरच. जास्त झाला तर पदार्थ पोटदुखीवरचं औषध वाटू लागतो. मिरी सढळ. हळद-तिखट घालायचा मोह होतो. मी एकदा घातलं होतं आणि वाईट लागलं नव्हतं, पण मग त्या लोण्याच्या नाजूक चवीचा पत्ता लागत नाही.

भेट

रस्सा उकळत असतानाच भांड्यात ओतायचा. लगेच, वाफा निघत असताना, त्यावर गार बिस्किटं मांडायची. भांडं तापलेल्या ओव्हनमध्ये. या तीन गोष्टींमध्ये दोन मिनिटांहून जास्त वेळ जाता कामा नये.

माझ्या खळीचं कारण आता उघड आहे. फ्रीजमधला रस्सा तापायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात वरून आच लागून बिस्किटाचं डोकं भाजून निघतं, पण बुड थंड, ओल्या गादीवर बसलेलं असतं. तिथलं बटर हळूहळू वितळून रश्श्यात उतरतं, वायू विरून जातो, आणि स्टार्च नीट फुगण्याइतकं तापमान येतं तेव्हा उचलायला काहीच उरलेलं नसतं. रस्सा उकळता असला की उलट घडतं. बुडाला स्पर्श होताक्षणी वाफ लागते, खालचा थर मोदकाच्या उकडीसारखा वाफेवर पटकन धरतो आणि ओलाव्याला वर चढू देत नाही. वरचा भाग कोरड्या आचेत फुगतो आणि तांबूस होतो. म्हणजे एकाच बिस्किटाचे दोन पदार्थ होतात, खाली वाफवलेला आणि वर भाजलेला. खालचा मऊ, रश्श्यात मुरलेला भाग दोष नाही, त्यासाठीच हा खटाटोप करायचा. फक्त तो शिजलेला हवा.

बिस्किटं एकमेकांना चिकटवून झाकण करू नका. मध्ये बोटभर फटी ठेवा, तिथून वाफ बाहेर पडली पाहिजे आणि रस्सा बुडबुडताना दिसला पाहिजे.

हिशेब

सहा जणांसाठी, नऊ इंची चौकोनी खोल भांड्याचं प्रमाण देतो. घरच्या मध्यम ओटीजीत एवढंच मावतं. अमेरिकेतलं नऊ बाय तेराचं भांडं असेल तर दीडपट घ्या.

रश्श्याला हाडासकट चिकन 1 किलो, बटर 60 ग्रॅम, मैदा 50 ग्रॅम, चिकनचं गाळलेलं पाणी अर्धा लिटर, दूध 200 मिली, एक मोठा कांदा, दोन गाजरं, सेलेरीच्या दोन काड्या, वाटीभर मटार. कांदा, गाजर आणि सेलेरी बटरमध्ये आधी मऊ करून घ्यायची, त्यावरच मैदा भुरभुरायचा. मटार आणि चिकन शेवटी.

बिस्किटांना मैदा 250 ग्रॅम (वर सांगितलेल्या कॉर्नफ्लोअरसकट), बेकिंग पावडर अडीच चहाचे चमचे, सोडा पाव चमचा, मीठ अर्धा ते पाऊण चमचा, साखर एक चमचा, गार बटर 90 ग्रॅम आणि दह्याचं दाट ताक सुमारे 200 मिली. बाजारातलं नेहमीचं बटर खारं असतं, मिठाचा हात त्या मानाने आखडता घ्या. अंडं लागत नाही.

ताक घातल्यावर चमच्याने दहा-बारा वेळा फिरवा. पीठ दिसायला अगदी ओबडधोबड, चिकट असेल. ओट्यावर पीठ भुरभुरून ते थापा, पत्रासारखं तीन घड्यांत दुमडा, पुन्हा थापा. असं तीन वेळा. प्रत्येक घडीबरोबर बटरचे थर वाढतात, चिरोट्याचीच युक्ती. मग इंचभर जाडीचं थापून सुरीने सरळ चौकोन कापा. वाटीने गोल कापायचे असतील तर वाटी सरळ दाबून सरळ उचला, फिरवू नका. फिरवली की कडा चिकटून बंद होतात आणि बिस्किट तिरकं, लंगडं फुगतं. पहिल्यांदाच करत असाल तर घड्या-बिड्या सोडा, ताक दोन चमचे जास्त घाला आणि चमच्याने गोळे टाका. पदर कमी सुटतात, पण बिघडायची भीतीही कमी.

ओव्हन 220 अंशांवर निदान पंधरा मिनिटं आधी तापलेला हवा, वरची आणि खालची दोन्ही कांड्या चालू. वीस ते पंचवीस मिनिटं. ओटीजीत वरची कांडी फार जवळ असते, तेव्हा रंग लवकर आला तर वर फॉइल टाका, पण बाहेर काढायची घाई नको. मधल्या बिस्किटाच्या पोटात सुरी घालून बघा. ओलं पीठ लागलं तर आणखी पाच मिनिटं. थर्मामीटर असेल तर बिस्किटाच्या मधोमध 93 अंशांच्या आसपास आणि चिकन 74 अंशांच्या वर असायला हवं. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नका. रस्सा जिभेला भाजण्याइतका गरम असतो आणि या दहा मिनिटांत तो थोडा घट्टही होतो.

आदल्या दिवशी तयारी करायचीच असेल तर रस्सा फ्रीजमध्ये ठेवा, पण दुसऱ्या दिवशी तो गॅसवर पुन्हा खळखळ उकळा आणि मगच भांड्यात ओता. बिस्किटं कापून, कच्चीच, ताटात पसरून फ्रीझरमध्ये ठेवता येतात. ती गोठलेलीच वर मांडायची, पाच मिनिटं जास्त द्यायची.

शिळं उरलं तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका. बिस्किटं दुसऱ्या दिवशी रश्श्याने पार भिजलेली असतात. मायक्रोवेव्हमध्ये घातली तर चामड्यासारखी होतात. मी ती वरून अलगद उचलून, आडवी चिरून, कापलेली बाजू खाली करून तव्यावर थोड्या बटरमध्ये लाल करतो आणि रस्सा वेगळा, पातेल्यात, थोडं दूध घालून उकळतो. आमच्या घरी काही जण आदल्या रात्री कमी जेवतात ते याच्यासाठी.